थोडक्यात सांगायचं तर

माणूस ज्या वेगानं बोलतो त्या वेगानं त्याला लिहिता येत नाही, ही निसर्गाची आपल्यावर फार मोठी कृपा आहे. तसं येत असतं तर घराघरात जे जे बोललं गेलं ते ते सगळं लिहून राहिलं असतं आणि एकही लग्न टिकलं नसतं. साधारण माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द सहज बोलतो. (आमच्या नात्यात दीडशेच्या पुढची मंडळी आहेत, पण ती अपवाद समजू.) हातानं मात्र मिनिटाला पंचवीस-तीस शब्दच लिहून होतात. उरलेले शब्द हवेत विरून जातात, आणि त्या विरण्यावरच आपला संसार, शेजार आणि लोकशाही उभी आहे.

पण जगात काही माणसांना ही गळती पाहवत नाही. नळ ठिबकताना दिसला की ज्यांना झोप लागत नाही, त्याच जातीची ही माणसं. त्यांनी लघुलिपी काढल्या. त्या पंथाकडे मी वळलो तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि त्याला कारण आमची सोसायटी.

आमच्या सोसायटीत चिटणीसपद निवडून येत नाही, ते अंगावर येतं. ज्या सभेला मी दाढदुखीमुळे गेलो नव्हतो, नेमक्या त्याच सभेत मी एकमतानं चिटणीस झालो. चिटणिसाचं मुख्य काम इतिवृत्त लिहिणं. आता आमचं गाव सोलापूर. इथं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि थोडी गुजराती अशा भाषा एका जिन्यावर राहतात आणि एकमेकींच्या घरी वाटी घेऊन साखर मागायला जातात. आमच्या सभेत एकाच वाक्यात कर्ता मराठी, कर्म तेलुगू आणि क्रियापद कन्नड असू शकतं. माणूस फारच रागावला तर वाक्य इंग्रजीत संपतं. सोळा बिऱ्हाडांची ही सभा लिहून घ्यायची म्हणजे सर्व भाषांना चालेल अशी एखादी लघुलिपी हवी, असं माझ्या मनानं घेतलं.

तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाइलवर सगळं रेकॉर्ड होतं, मग हा उपद्व्याप कशाला? होतं ना. पण तीन तासांची सभा रेकॉर्ड केली की ती पुन्हा ऐकायला तीन तास लागतात. ती सभा एकदा सोसली तेवढी पुरे.

तेव्हा मी उपवर मुलीच्या बापासारखा लघुलिपींची स्थळं पाहायला लागलो.

पहिलं स्थळ अर्थातच पिटमनचं. घराणं मोठं. आयझॅक पिटमन या इंग्रज शाळामास्तरानं १८३७ साली ही पद्धत काढली. तिचं तत्त्व ऐकून कुठल्याही मराठी माणसाला वाटावं की हा गृहस्थ पूर्वजन्मी आपल्याकडे व्याकरण शिकला होता. स्पेलिंग बघायचं नाही, कानाला येईल तेच लिहायचं. 'प'ची रेघ पातळ, तीच जाड केली की 'ब'. 'क' पातळ, 'ग' जाड. स्वर म्हणजे रेघेच्या कडेला दिलेली टिंबं आणि बारीक रेघा, आणि घाईच्या वेळी ते गाळायचे. आमच्या तरुणपणी गल्लीगल्लीत टायपिंगचे क्लास होते आणि पिटमन येणाऱ्या मुलाला मुली सांगून यायच्या.

पण पातळ-जाड रेघ ही मऊ निबाच्या किंवा पेन्सिलीच्या जमान्यातली चैन आहे. माझ्या बॉलपेनाला पातळ-जाड कळत नाही. त्याच्या लेखी सगळ्या रेघा समान. मी मराठीवर प्रयोग करून पाहिला तर 'पाप' आणि 'बाप' एकच झाले. शिवाय मूळ इंग्रजी पिटमनमध्ये 'त' आणि 'ट' यांची सोय वेगळी नाही, 'ळ' तर इंग्रजांच्या जिभेलाच ठाऊक नाही. त्यामुळे "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती" ही म्हण लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वाचली, तर "काल आला होता, पण वेल आली नव्हती." कोण आला होता आणि कोणती वेल, याचा तपास करण्यात माझी सकाळ गेली.

हे सगळं जाणत्या मंडळींनी केव्हाच ओळखलं आहे. आपल्या भाषांसाठी वेगळ्या पद्धती बसवल्या गेल्या, आणि पुण्याची परीक्षा परिषद मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांच्या लघुलेखनाच्या परीक्षा घेते. पण त्या परीक्षा तीन आहेत, हेच तर माझं दुखणं. मला एकीतच भागवायचं होतं.

दुसरं स्थळ ग्रेगचं. १८८८ साली आलेल्या या पद्धतीत जाड-पातळीची भानगड नाही. 'प' आखूड, 'ब' लांब. स्वरसुद्धा ओळीतच, लहानमोठी वर्तुळं काढून. पण माझं अक्षर घाईत लांबतं आणि दमलं की आखडतं, म्हणजे सभेच्या पहिल्या तासात सगळे 'ब' आणि तिसऱ्या तासात सगळे 'प'. तिसरं स्थळ जर्मन, गाबेल्सबर्गरचं, १८३४ सालचं. युरोपातल्या बऱ्याच भाषांना ते बसवून घेतलं गेलं. त्यात स्वर लिहायचाच नाही. पुढचं व्यंजन वर चढवलं, खाली उतरवलं किंवा जाड केलं की मागचा स्वर ओळखायचा. चौथं स्थळ टीलाइन, १९६८ सालचं, इंग्लंडातल्या वार्ताहरांचं आवडतं. ते ध्वनीवर नाही, स्पेलिंगवर चालतं. म्हणजे मराठी आधी रोमन लिपीत न्यायची आणि मग तिथं तिचे स्वर काढून घ्यायचे. परगावी नेऊन लुटण्यातलाच प्रकार.

या सगळ्या पाहण्यात एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. लघुलिपीचा वेग तिच्या रेघांत नसतो, तो तिच्या सवयींत असतो. पिटमननं इंग्रजीतला 'द' नुसत्या एका टिंबात बसवला, कारण इंग्रज माणूस 'द' म्हटल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. मराठीला त्या टिंबाचा काय उपयोग? आपल्याला टिंबात बसवायचे असतील तर 'आहे', 'आणि' आणि 'नाही' बसवावे लागतील. (सोसायटीच्या सभेत 'नाही' एवढा एक बसला तरी निम्मं काम झालं.) जे शब्द पुन्हापुन्हा येतात ते आखडायचे, जे सांगितल्याशिवाय कळतात ते गाळायचे. आणि काय सांगितल्याशिवाय कळतं, हे भाषा माहीत असलेल्यालाच ठाऊक असतं. थोडक्यात सांगायचं, तर थोडक्यात सांगता येतं ते फक्त ओळखीच्या माणसाला.

याचा पुरावा घरात आहे. आमची ही जेव्हा "असू दे" म्हणते, तेव्हा ते दोन शब्द नसतात. पूर्ण लिहिलं तर ते दोन पानांचं पत्र होईल आणि त्यात १९८४ सालच्या एका दिवाळीचा उल्लेख येईल. मी ते पत्र अडखळल्याशिवाय वाचतो. पण एखाद्या परक्यानं हे "असू दे" ऐकलं तर तो बिचारा समजेल की खरोखरच असू द्यायचं आहे.

आपली मोडीसुद्धा एका परीनं लघुलिपीच. हात न उचलता लिहायची, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ मुळात ठेवायचाच नाही. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच मुशीतले असल्यामुळे शतकानुशतकं राज्यकारभार तिच्यावर चालला. पण तिकडे उत्तरेत व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीची गोष्ट सांगतात, ती अशी. तिच्यात मात्रा गाळायची रीत होती. घरी पत्र आलं, "काकाजी अजमेर गये." घरच्यांनी वाचलं, "काकाजी आज मर गये." आणि रडारड सुरू झाली. काकाजी तिकडे अजमेरात मजेत असणार. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आहेच. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो 'धरावे'चं 'मारावे' केल्यानं, असं लोक आजही सांगतात. इतिहासकार मान हलवोत, पण एका अक्षरात माणसाचा जीव असतो हे लोकांना पटलेलं आहे, हे त्यातून दिसतं.

परदेशी पुराणांतही हीच तऱ्हा. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या अधिकाऱ्यानं १६६० ते १६६९ अशी नऊ वर्षांची डायरी शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली. जिथं जिथं परस्त्रियांच्या भानगडी आल्या, तिथं तिथं त्यानं स्पॅनिश, फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची भेळ केली. अनेक भाषांना एकच लघुलिपी वापरण्याचं हे ठळक उदाहरण, आणि हेतू मात्र बायकोला कळू नये हा! पुढे दीडशे वर्षांनी जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्यानं १८१९ पासून तीन वर्षं डोळे फोडून ती डायरी उलगडली. गंमत म्हणजे शेल्टनच्या लघुलिपीचं पुस्तक पेपिसच्याच ग्रंथसंग्रहात, त्याच इमारतीत होतं.

हुसर्ल हा तर मोठा तत्त्वज्ञ. त्यानं आपलं चिंतन गाबेल्सबर्गर पद्धतीत लिहिलं, सुमारे चाळीस हजार पानं. १९३८ साली तो वारला. जन्मानं ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्या कागदांचं काय होईल याची धास्ती होती. व्हान ब्रेडा नावाच्या तरुण पाद्र्यानं ते जर्मनीतून उचलून बेल्जियममध्ये लूव्हेनला नेले. पानं वाचली, पण मग ती वाचायची कुणी? ती लिपी जाणणारे गोळा करावे लागले, आणि १९५० पासून त्याच्या समग्र ग्रंथांचे खंड निघताहेत ते निघताहेतच. माणसानं स्वतःशी बोलताना कितीही आखडावं, त्याला ना नाही. पण त्या आखडण्याची किंमत कुणीतरी दुसराच पुढे मोजत बसतो.

अनेक भाषांना एकच लघुलिपी खरोखर चालवून दाखवली ती एका फ्रेंच पाद्र्यानं. ल ज्यून त्याचं नाव. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात, त्यानं १८९१ साली 'कामलूप्स वावा' नावाचं छोटं पत्र काढलं. तिथल्या आदिवासींच्या आणि व्यापाऱ्यांच्या चिनूक या मिश्र बोलीसाठी त्यानं फ्रान्सातली दुप्लोये लघुलिपी घेतली. लोक ती भराभर शिकले, आणि तिथल्या इतर भाषाही त्याच लिपीत लिहिल्या गेल्या. वाचून मी हर्षानं टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात त्याची युक्ती लक्षात आली. त्यानं काही गाळलंच नाही! व्यंजनं लिहिली, स्वर लिहिले, सगळं साग्रसंगीत लिहिलं. म्हणजे लघुलिपीतलं 'लघु' गेलं आणि नुसती लिपी राहिली. सगळ्या भाषांना चालेल असं काही हवं असेल तर काही गाळता येत नाही, आणि गाळायचं असेल तर ते सगळ्या भाषांना चालत नाही.

इथपर्यंत हा सगळा माझा निवृत्त माणसाचा चाळा होता. तो चाळा राहिला नाही, त्याला कारण तळमजल्यावरच्या आजी.

आजी तेलुगू. उभं आयुष्य विडी कारखान्यात विड्या वळण्यात गेलं. मराठी बोलतात, पण भांबावल्या की तेलुगूवर जातात. माझ्या आधीच्या चिटणिसांच्या काळात लिफ्ट बसवायचा ठराव झाला होता. प्रत्येक बिऱ्हाडानं मोठी रक्कम एकदम भरायची. इतिवृत्तात लिहिलं होतं, "सांगोपांग चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर झाला." वाचकहो, भारतातली सर्वांत यशस्वी लघुलिपी हीच. तीन तासांचं भांडण एका ओळीत बसतं, आणि कुठल्याही भाषेतलं भांडण असलं तरी बसतं. पिटमनला हे कधी साधलं नाही.

मी चिटणीस झाल्यावर आजी एक नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. रक्कम थकली म्हणून तीवर व्याज लावलं होतं. नोटीस माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "मी सभेत बोलले होते. सगळ्यांनी ऐकलं. मग ते गेलं कुठं?"

मी आधीच्या चिटणिसांना विचारलं. माणूस सज्जन. ते म्हणाले, "हो, आजी उठल्या होत्या खऱ्या. पण सारखं 'नेलं, नेलं' असं काहीतरी म्हणत होत्या. मला वाटलं, जिन्याखालचं त्यांचं सामान कुणीतरी नेलं असेल. त्याचा ठरावाशी काय संबंध? म्हणून नाही लिहिलं."

आजी म्हणाल्या होत्या, "नेलनेला इस्तानु." तेलुगूत 'नेल' म्हणजे महिना. दर महिन्याला देईन, असं त्या म्हणत होत्या. लिफ्टला त्यांचा विरोध नव्हता. स्वतः तळमजल्यावर राहत असूनही पैसे द्यायला त्या तयार होत्या, फक्त एकदम नव्हे, दरमहा थोडे थोडे. देते म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी मराठी कानानं नेल्याची तक्रार घातली.

आता यात लबाडी कुणाची? कुणाचीच नाही. कानानं चोख काम केलं. त्या जागी पिटमनच्या परीक्षेत पहिला आलेला लघुलेखक बसवला असता तर त्यानंही आवाज बरोबर टिपला असता, आणि घरी जाऊन 'नेलं, नेलं' असंच वाचलं असतं. त्या 'नेल'मधला 'ए' ऱ्हस्व आहे; तेलुगूला त्यासाठी वेगळं अक्षर आहे, आपल्या देवनागरीला नाही. पण ते अक्षर असतं तरी काय झालं असतं? आवाज टिपणं म्हणजे ऐकणं नव्हे. त्या सभेत ज्यांना तेलुगू येतं अशी चार बिऱ्हाडं बसली होती. त्यांना विचारायला पाच सेकंद लागले असते. पण विचारायचं म्हणजे लेखणी थांबवायची, आणि लेखणी थांबवणं हे चिटणिसाला कमीपणाचं वाटतं.

मला महाभारताच्या लेखनाची गोष्ट आठवली. व्यासांनी सांगायचं, गणपतीनं लिहायचं. गणपतीची अट होती, माझी लेखणी थांबता कामा नये. आजवर मी ही अट ऐकून वाहवा करत आलो, शंभराच्या वर शब्दगतीचा हा पहिला उमेदवार म्हणून. पण खरी अट व्यासांची आहे. ते म्हणाले, कबूल. पण अर्थ समजल्याशिवाय तू एक अक्षर लिहायचं नाहीस. आणि मधूनमधून त्यांनी असे अवघड श्लोक घातले की साक्षात बुद्धिदात्यालाही थांबून विचार करावा लागला. वेगवान लिहिणाऱ्याला समजून घेण्यापुरतं थांबवणं, ही त्या ऋषीची केवढी सूक्ष्म दृष्टी!

दुसऱ्याचं बोलणं थोडक्यात लिहिण्याचा अधिकार कुणाला, हा खरा प्रश्न आहे आणि तो लिपीचा नाही. माझ्यापुरतं उत्तर असं सापडलं, की ज्याला ते विचारल्याबरोबर पूर्ण सांगता येईल त्यालाच. ज्याला पूर्ण सांगता येत नाही तो थोडक्यात सांगत नसतो. त्याच्या हातून नुसतं काहीतरी हरवलेलं असतं. आणि हरवतं ते बहुधा ज्यांची भाषा सभेत कमी बोलली जाते त्यांचंच. अध्यक्षांचं वाक्य हरवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पुढच्या सभेत आजींचं म्हणणं मी इतिवृत्तात पूर्ण घातलं, व्याज रद्द झालं. आजींनी मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हां. हे मी बोलले."

लघुलिपीचं म्हणाल तर मी कुठलंच स्थळ पसंत केलं नाही. मराठीपुरतं मी माझं मीच आखडून घेतो. 'पा' म्हणजे पाणी, 'पा पा' म्हणजे पाण्यावरून भांडण. बाकीच्या भाषांत कुणी बोललं की मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, "म्हणजे काय?" जगातल्या सगळ्या भाषांना चालणारी एवढी एकच खूण मला सापडली. तिनं लिहायचा वेग वाढत नाही, एवढाच तिचा दोष.

त्यामुळे आमच्या सभा आता साडेतीन-चार तास चालतात. मागच्या महिन्यात "चिटणिसांनी सभेत फार प्रश्न विचारू नयेत" असा ठराव आला. बाजूनं अकरा, विरुद्ध पाच. पाचही जणांचं म्हणणं मी ज्याचं त्याच्या भाषेत, पूर्ण लिहिलं. दोन पानं झाली. ठराव मंजूर आहे, म्हणून आता मी प्रश्न विचारत नाही. "पुन्हा एकदा सांगता का जरा?" एवढंच म्हणतो. ती विनंती आहे.